हिरव्या लेबलासाठी अकुशल हात

नानांच्या हातून काही होत नाही, हे कारखान्यात सगळ्यांना माहीत होतं. पण ते एक दिवस सरकारी निकषाच्या कामी येईल, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

बरणी त्यांच्या हाती गेली की झाकणाचे आटे जायचे, छत्री गेली की काडी जायची, कुलूप गेलं की किल्ली आतच मोडून राहायची. कारखान्यात पाण्याच्या पिंपाचा नळ त्यांनी स्वतः फिरवू नये, कुणाला तरी हाक मारावी, असा एक न लिहिलेला नियम होता आणि सगळे तो प्रेमाने पाळायचे. कारण नानांचं खरं काम हातांचं नव्हतंच, अक्षरांचं होतं. हा संगणक जोडण्याचा छोटासा कारखाना; पत्र्याचं छप्पर, लांब टेबलं, टेबलांवर डोकी घातलेली माणसं. कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बसून नाना गिऱ्हाइकांच्या तक्रारींना उत्तरं लिहीत. आणि काय लिहीत! रागाने लाल झालेलं गिऱ्हाईक ते पत्र वाचून असं निवायचं, की काही जण संगणक बिघडल्याबद्दल उलट आभार मानायचे.

तर झालं असं, की मालकांना हिरवं लेबल हवं होतं.

हिरवं लेबल म्हणजे हा संगणक पर्यावरणाला जाचणारा नाही, अशी ग्वाही. चालू ठेवून विसरलात तर तो वीज किती खातो, आवाज किती करतो, त्याचं प्लास्टिक कुठल्या जातीचं हे त्यावर छापलं आहे का, मेल्यावर त्याचं काय होणार, हे सगळं तपासून मग ते पानाचं चित्र असलेलं लेबल मिळतं. ते मिळालं तर शाळांना संगणक पुरवण्याची मोठी मागणी कारखान्याकडे येणार होती. न मिळालं तर येणार नव्हती, आणि मग जोडणीच्या अर्ध्या टेबलांवर चादरी घालाव्या लागल्या असत्या. मालकांनी हे चहा पिता पिता हसत सांगितलं होतं, पण बशीत चहा सांडत सांगितलं होतं.

अर्ज पहिल्यांदा परत आला, कारण नमुन्याचा संगणक थर्माकोलमध्ये गुंडाळून पाठवला होता. पर्यावरणाचा अर्ज थर्माकोलमधून! तिकडच्या कारकुनाला हसू आलं असणार, पण सरकारी पत्रात हसायला जागा नसते, म्हणून त्याने नुसतं "नापास" लिहिलं. दुसऱ्यांदा परत आला, कारण कव्हरवर कारखान्याच्या नावाचं चमचमतं स्टिकर गोंदाने चिकटवलं होतं; गोंद प्लास्टिकबरोबर वितळत नाही. ते स्टिकर मालकांच्या आईने पसंत केलेलं. मालकांनी ते स्वतःच्या नखांनी खरवडलं.

तिसऱ्यांदा अर्ज आत गेला आणि एका कलमावर येऊन थांबला. कलम असं होतं: सदर उपकरण कोणतेही तांत्रिक प्रशिक्षण नसलेल्या एका व्यक्तीस, इतर कुणाच्याही साहाय्याविना, घरगुती अवजारांनी पूर्णपणे सुटे करता आले पाहिजे. परीक्षक स्वतः येऊन बघणार. माणूस कारखान्याने द्यायचा.

मालकांनी सगळ्यांना बोलावलं. "आपल्याकडे असं कोण आहे," त्यांनी विचारलं, "ज्याला या कामातलं अगदी काही म्हणजे काहीच येत नाही?"

उत्तरादाखल माना वळल्या. शेतातली सूर्यफुलं वळावीत तशा सगळ्या एकदम, हळुवार, काचेच्या खोलीकडे वळल्या.

"माझ्याकडे काय बघता?" नाना म्हणाले.

"नाना, तुमच्याशिवाय हे होणार नाही," मालक गहिवरून म्हणाले.

"नियमात 'प्रशिक्षण नसलेली व्यक्ती' म्हटलंय. त्यातली सगळ्यांत वाईट द्या, असं नाही म्हटलं!"

"आपण सावध खेळतोय, नाना."

त्यावर इंजिनियर पोरगी बोलली. हा संगणक तिने रचलेला. मालकांनी तिला पोटच्या मुलीसारखी वागवलेली, आणि तिने या खोक्याला तसंच. स्क्रू कमी केले, खटके लावले, गोंदाचा थेंब राहू दिला नाही. ती इतक्या निर्मळपणे म्हणाली, "नाना, तुम्हाला जमलं ना, की जगात कुणालाही जमेल."

हे वाक्य खरं होतं. लागायचं ते त्यामुळेच लागलं. टाळ्या वाजल्या. निवड एकमताने झाली. नाना खोलीत जाऊन बसले आणि एका गिऱ्हाइकाला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच फटकारून पत्र लिहिलं. मग फाडलं. फाटतानाही ते सरळ फाटलं नाही.

घरी येऊन चपला काढता काढता त्यांनी बायकोला सांगितलं, "हिरव्या लेबलाची परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येणार. त्यांच्यासमोर संगणक खोलून दाखवायला माझी निवड झालीय."

यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं. खोटी होती ती फक्त बेरीज.

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "तुमची?"

"एकमताने."

"अगंबाई," ती म्हणाली आणि थोडा वेळ त्यांच्या हातांकडेच बघत राहिली. मग डोळे पुसल्यासारखं करून वर बहिणीकडे गेली.

वरच्या मजल्यावर तिची थोरली बहीण, म्हणजे बहिणीचा नवरा, म्हणजे नानांचे साडू. नानांच्या संसारात एकच काटा होता आणि तो साडू होता. माणूस वाईट नाही. पण त्याच्या हाती गेलेली वस्तू बरी होऊन यायची. बंद पडलेलं घड्याळ त्याच्या नुसत्या कुशीत ठेवलं तरी टिकटिकायला लागायचं. शिवाय हे सगळं तो शीळ घालत करायचा. नानांना ती शीळ सहन व्हायची नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या इमारतीला कळलं, की नाना आता संगणकातले तज्ज्ञ झाले. रात्रीच्या जेवणाआधी साडू खाली आले.

"नाना, अभिनंदन! आतापर्यंत लपवलंत होय?"

"लपवायचं काय त्यात. कुणी विचारलं नाही."

"काही अडलं तर सांगा हं."

"अडायचं कशाला?"

अडलं होतं ते एवढंच, की परीक्षेचा संगणक आधी बघायची नानांना मनाई होती, आणि परीक्षेच्या दिवशी सगळ्यांसमोर फजिती व्हावी अशी त्यांची इच्छा नव्हती. म्हणून त्यांनी घरच्या वस्तूंवर हात बसवायचं ठरवलं. नवा स्क्रू ड्रायव्हर आणला. त्याच्या खोक्याचं झाकण उघडायला बायकोची मदत घेतली, पण ते दोघांतच राहिलं.

आधी टेबलफॅन. मग इस्त्री. मग स्वयंपाकघरातला मिक्सर. त्यात खालच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर आपला रेडिओ घेऊन आले, कारण तज्ज्ञ घरातच असताना दुकानात कशाला जायचं. मास्तर नुसते वस्तू देऊन जाणाऱ्यांतले नव्हते. ते सल्ल्यासकट बसत.

"स्क्रू डावीकडे फिरवायचा, नाना. डावीकडे म्हणजे आपल्या डावीकडे."

"फिरवतोय ना."

"ती उजवी झाली."

"तुम्ही समोर बसलात म्हणून ती तुमची उजवी आहे, मास्तर!"

"माझीही डावीच आहे ती. थांबा. मग उजवी कुठली?"

दोघंही आपापले हात बघत बसले. बायकोने दारातून पाहिलं आणि चहा ठेवायला गेली, कारण अशा वेळी माणसाने दुसरं काय करावं.

मास्तरांपाठोपाठ शेजारची शिलाई मशीन आली, कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं भिंतीवरचं घड्याळ आलं, कुणाचा टेलिफोन, कुणाच्या नातवाची चावीची मोटार. नानांनी सगळं उघडलं. उघडायला त्यांना खरंच जमू लागलं. पण प्रत्येक वस्तू उघडली की तिच्या पोटातून तिच्यापेक्षा मोठा ढीग निघायचा, आणि तो पुन्हा त्याच पोटात कसा जायचा हे कोडं सुटायच्या आत पुढची वस्तू दारात उभी असायची. दिवाणखान्यात पाऊल टाकायला जागा उरली नाही. लोक आपली वस्तू मागायला आले की बायको दार अर्धवट उघडून सांगायची, "ते सध्या आतून बघतायत."

नाना चिडचिडे झाले. जेवताना ताटात स्क्रू निघाला तर बायकोवर खेकसले. ऑफिसात मालक रोज विचारत, "नाना, काही शिकत नाही ना घरी? बघा हं. शिकू नका. जसे आहात तसेच आम्हाला हवे आहात." असं वाक्य माणसाला कोणत्या तोंडाने गोड मानून घेता येतं?

आणि मग एक गंमत घडू लागली. नाना ऑफिसातून घरी यावेत, तर टेबलफॅन गरगरत असावा. दुसऱ्या दिवशी इस्त्री तापलेली. तिसऱ्या दिवशी मास्तर जिन्यात गाठून म्हणाले, "काय खणखणीत केलात हो रेडिओ!"

"हे कुणी लावलं?" नानांनी बायकोला विचारलं.

"तुम्हीच की. काल बसला होतात ना बराच वेळ."

"मी?"

"तुमचं लक्ष नसतं. हात चालतात तुमचे आपोआप."

नानांनी आठवून पाहिलं. बसले तर होते. हात चालतही होते. कदाचित... त्यांनी आरशात पाहिलं. मग हात पाहिले. आरशातही पाहिले. वरच्या मजल्यावरून हल्ली दुपारी शीळ ऐकू येत नाही असं मास्तर म्हणाले होते, पण तिकडे नानांनी लक्ष दिलं नाही. माणसाला स्वतःवर विश्वास बसू लागला की तो बारीकसारीक गोष्टी विचारत नाही.

परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक बाई आल्या. शिडशिडीत, गळ्यात चष्म्याची दोरी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. मालकांनी दिलेली फाइल त्यांनी दोन बोटांत धरली. "एकाच बाजूला छापलीय," त्या म्हणाल्या. मालकांनी फाइल उलटी करून कोऱ्या बाजूकडे असं पाहिलं, जणू ती त्यांना आजच भेटत होती.

लांब टेबलावर संगणक ठेवला. शेजारी एक स्क्रू ड्रायव्हर, एक पक्कड. समोर टोपल्या मांडलेल्या: प्लास्टिक, धातू, तारा, बॅटरी. सगळा कारखाना भिंतींना टेकून उभा. इंजिनियर पोरीने ओढणीचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं की बोट पांढरं पडलं होतं.

"सुरू करा," बाई म्हणाल्या.

नानांनी खोक्याच्या दोन्ही बाजूंना हात लावला. खटका दाबला. टक्! झाकण असं अलगद वर आलं, जसं झोपलेल्या मुलाच्या अंगावरून पांघरूण काढावं. आत सगळं जिथल्या तिथे होतं. जिथे बोट लावावं तिथे खाच होती, जिथे ओढावं तिथे जीभ बाहेर काढलेली होती. पंखा सुटला. पॉवर सप्लाय सुटला. तारा आपण होऊन निघाल्यासारख्या निघाल्या. नाण्याएवढी बॅटरी नानांनी बोटावर उचलून, प्रेक्षकांकडे एकवार बघून, टोपलीत सोडली. ही नजर टाकायची काही गरज नव्हती. शेवटी तर त्यांनी चक्क शीळ घातली.

काम संपलं. टाळ्या वाजणार, तेवढ्यात परीक्षक बाईंनी हात वर केला.

"चाचणी ग्राह्य धरता येत नाही."

"का?" मालकांचा आवाज कुठून तरी तळघरातून आला. कारखान्याला तळघर नव्हतं.

"हा माणूस शिकलेला आहे. मी इतकी वर्षं या चाचण्या घेते. हे हात कारागिराचे आहेत."

हे हात कारागिराचे आहेत. नानांच्या कानात ते शब्द मधासारखे उतरले. जन्मभर ज्या हातांना "असू दे, मी करते", "ठेवा, आम्ही बघतो", "नाना, तुम्ही नका हात लावू" एवढंच ऐकायला मिळालं, त्या हातांना आज एक परकी, जाणती, कडक बाई भर सभेत कारागीर म्हणत होती.

"नाना, बोला ना!" मालक कळवळले. "सांगा त्यांना, तुम्हाला काही येत नाही म्हणून!"

नानांनी घसा साफ केला. खाली पाहिलं. आणि विनयाने म्हणाले, "थोडाफार हात बसलाय खरा."

मालक खुर्चीवर बसले. खुर्ची तिथे होती हे नशीब. मग एकदम ताडकन उठले. "बाई, यांच्या घरी विचारा! वहिनींना फोन लावतो. त्या खोटं सांगणार नाहीत. यांनी घरात काय काय मोडलंय ते त्यांच्याच तोंडून ऐका!" आणि त्यांनी आपला फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने लावून.

"हॅलो," बायकोचा आवाज आला.

"मी लेबलाची परीक्षक बोलतेय. तुमच्या यजमानांना यंत्रांतलं काही कळतं का?"

बायको ठामपणे म्हणाली, "कळतं म्हणजे? तज्ज्ञ आहेत ते. सगळ्या इमारतीच्या वस्तू आमच्याकडे येतात. पंखा म्हणू नका, रेडिओ म्हणू नका. हात लावला की सुरू!"

मालकांनी डोळे मिटले. बाईंनी लिहायला पेन उघडलं.

आणि तेव्हा इंजिनियर पोरगी पुढे आली. रडली नाही, भांडली नाही. टोपल्यांमधले आपले सुटे भाग उचलून ती एकात एक ठेवू लागली. एवढंच म्हणाली, "जाऊ दे नाना. छान खोललंत तुम्ही."

कारागीर म्हणवून घेतल्याचा नानांचा सगळा मध घशात कडू झाला. खोललं त्यांनी नव्हतंच. झाकण तिने उघडलं होतं, पंखा तिने सोडवला होता, केव्हाच, कागदावर रेघा मारता मारता. नानांची बोटं फक्त तिने दाखवलेल्या वाटेने चालली होती. तिचं देणं तिला द्यायचं तर आपला तोरा उतरवून ठेवायला हवा होता. आणि ते ऐकायला अख्खा कारखाना उभा होता.

"अगं," ते फोनवर वाकून म्हणाले, "ऐक. मला तज्ज्ञ म्हणून नव्हतं निवडलं. मला काहीच येत नाही, म्हणून निवडलंय. सगळ्यांत वाईट मीच होतो. एकमताने."

"ठाऊक आहे," बायको म्हणाली.

"काय?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. तुमच्या मालकांच्या बायकोने सांगितलं ना भाजी घेताना."

"मग आत्ता तज्ज्ञ कशाला म्हणालीस?"

"तुम्ही तसं सांगितलं होतंत घरात. परक्या बाईसमोर मी तुम्हाला खोटं पाडू?"

"पाड!" नाना ओरडले. "आता पाड! खरं सांग!"

"खरं सांगू? राग नाही ना येणार?"

"सांग म्हणतोय ना!"

"मग लिहून घ्या हो बाई," बायको म्हणाली, आणि धरणाचं दार उघडावं तसं झालं. "लग्नात हार घालताना यांनी तो माझ्या कानातल्यात अडकवला, तो हार कापावा लागला. बिऱ्हाड केलं त्या दिवशी खिळा ठोकायला गेले, तर भिंतीतून शेजारच्यांचं कॅलेंडर पाडलं. दूध उतू जाऊ नये म्हणून गॅस बंद करायला सांगितला तर बटण हातात घेऊन बाहेर आले. आणि तो टेबलफॅन, ती इस्त्री, मास्तरांचा रेडिओ, ते सगळं रोज दुपारी आमच्या भाऊजींनी येऊन जोडलं. मीच बोलावलं. शीळ घालू नका म्हणून बजावलं होतं, कळेल म्हणून."

"भाऊजींनी?" नाना म्हणाले. त्यांचा आवाज फार लहान झाला होता.

"राग नाही यायचा ठरलंय. शिवाय त्या मोटारीची चावी अजून सापडत नाही. बाई, लिहिताय ना?"

"पुरे, पुरे," परीक्षक बाई म्हणाल्या. त्यांचा कागद भरला होता, दोन्ही बाजूंनी. पण कपाळावरची आठी गेली नव्हती. "एकदा तज्ज्ञ म्हणता, एकदा असं म्हणता. घरच्या माणसाच्या साक्षीवर मी विश्वास कसा ठेवू?"

पुन्हा सगळं थांबलं. इंजिनियर पोरीच्या हातात मदरबोर्ड तसाच राहिला.

"अजून एक लिहा," फोनमधून बायको म्हणाली, जरा हळू. "यांच्या हातून वस्तू पुष्कळ मोडल्या. माणूस मात्र एकही मोडलं नाही."

भिंतीला टेकलेल्यांपैकी कुणीतरी नाक ओढलं. बाईंनी चष्मा काढला, निकषांचे कागद वरून खाली चाळले. "याला आमच्याकडे कलम नाही," त्या म्हणाल्या, पण पहिल्यापेक्षा मऊ आवाजात.

"झालं ना तुझं?" नाना वैतागले. त्यांचे कान लाल झाले होते; रागाने की कशाने, देव जाणे. "ठेव आता फोन!"

"तुमच्याकडून लागलाय, तुम्हीच ठेवा. लाल बटण दाबायचं. हळू दाबा."

"मला कळतं!" नाना म्हणाले आणि दाबलं.

फोन बंद झाला नाही. पडद्यावर काहीतरी प्रश्न आला. नानांनी त्यालाही "हो" म्हटलं. कॅमेरा सुरू झाला. पलीकडून बायकोनेही काहीतरी दाबलं असावं, कारण पडदा उजळला आणि नानांचा दिवाणखाना दिसू लागला. मधोमध बायको, पदर तोंडाला लावलेली, डोळ्यांतून पाणी आणि खांदे हसण्याने हलतायत. तिच्या मागे बहीण. बहिणीच्या मागे साडू, हातात मिक्सरचं भांडं. मास्तर रेडिओ मांडीवर घेऊन बसलेले. शेजारचे, पलीकडचे, दारात उभे असलेले. अख्खी इमारत, पहिल्या शब्दापासून ऐकत असलेली.

"नाना!" मास्तरांनी हात हलवला. "लाल म्हणजे उजवीकडचं!"

नाना भराभरा बटणं दाबू लागले. आधी आवाज वाढला. मग मालकांच्या फोनमधलं कसलंसं गाणं सुरू झालं. मग विजेरी लागली आणि तिचा झोत थेट परीक्षक बाईंच्या तोंडावर पडला.

बाईंनी एका हाताने डोळ्यांवर आडोसा धरला आणि दुसऱ्या हाताने चाचणी ग्राह्य धरल्याची सही केली.